सालीदा की सलायडा?

गेल्या वर्षी मुलीकडे डेन्व्हरला गेलो असताना तिने मला रॉकी पर्वतातील नदीकाठच्या एका छोट्या गावी नेले. वाटेत तिने सांगितले, की गावाचे नाव स्पॅनिश. उच्चार ‘सालीदा’, अर्थ ‘बाहेर पडण्याची वाट’. उतरल्या ठिकाणी मी ऐटीत ‘सालीदा’ म्हणालो. हॉटेलवाला हसून म्हणाला, ‘सलायडा!’ आम्ही बेळगावची माणसे. गावाच्या नावावरून कोणी दुरुस्ती केली की आमचे कान टवकारतात. पुढचे दोन दिवस मी त्या नावाचाच माग काढीत हिंडलो.

गाव सात हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट उंचीवर. वस्ती २०२० च्या शिरगणतीत सहा हजारांच्या आत. एका तीरावर विटांची जुनी बाजारपेठ, दुसऱ्या तीरावर टेंडरफूट ही बोडकी टेकडी, आणि मधून खळाळत जाणारी आर्कन्सॉ नदी.

ही नदी एके काळी सरहद्द होती. मूळ मुलूख यूट लोकांचा. १७७९ मध्ये न्यू मेक्सिकोचा स्पॅनिश गव्हर्नर आन्सा फौजेसह दक्षिणेकडील पाँचा खिंड ओलांडून येथे आला. १८०६ चा नाताळ अमेरिकन अधिकारी पाइक याने याच परिसरात कडाक्याच्या थंडीत काढला. पुढे १८१९ च्या तहात अमेरिका आणि स्पेन यांनी नदीच्या दक्षिण तीराने रेघ ओढली. आजची बाजारपेठ त्या रेघेच्या स्पेनकडील अंगाला पडते. लवकरच स्पेनच्या जागी मेक्सिको आला, आणि १८४८ मध्ये युद्ध हरून त्याने हा सारा प्रदेश अमेरिकेला दिला. यूटांना यांपैकी कोणत्याच वेळी कोणी विचारले नाही. १८८१ मध्ये त्यांच्या दोन मोठ्या टोळ्यांना यूटाहमध्ये हाकलून दिले.

मला वाटले होते, नाव त्या स्पॅनिश काळातले असेल. पण नाही! १८८० मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीची रेल्वे अरुंद घळीतून वर आली तेव्हा गाव वसले. ‘सालीदा’ हे नाव सुचवण्याचे श्रेय रेल्वेशी संबंधित माजी गव्हर्नर हंट यांना देतात. म्हणजे सरहद्द पुसल्यावर, इंग्रजी बोलणाऱ्यांनीच हे स्पॅनिश नाव ठेवले आणि आपल्या जिभेने उच्चारले. शब्द गोड वाटला म्हणून घेतला. तो बोलणारी माणसे मात्र खिंडीपलीकडेच राहिली.

त्या माणसांसाठी कोलोरॅडोच्या १८७६ च्या राज्यघटनेत एक कलम होते. कायदे इंग्रजीबरोबरच स्पॅनिश आणि जर्मन भाषांतही छापावेत, असे त्यात म्हटले होते. आपल्याकडे कागदपत्रे मराठीत मिळावीत म्हणून किती वर्षे अर्ज-विनंत्या चालल्या, हे आठवून मला त्या कलमाचे कौतुक वाटले. पण पुढे मुदत लिहिली होती : १९०० सालापर्यंतच. १९८८ मध्ये तर मतदान होऊन इंग्रजी हीच राज्याची अधिकृत भाषा ठरली.

तरी स्पॅनिश गेली नाही. पाँचा खिंडीच्या दक्षिणेस सान लुइसचे खोरे आहे. तेथील सान लुइस हे गाव १८५१ चे, राज्यातील सर्वांत जुने. तिकडच्या कित्येक घरांत ती भाषा अजून नांदते.

सालीदाची रेल्वे मात्र गेली. १९९७ पासून या मार्गावर गाड्या धावत नाहीत. रूळ तेवढे उरले आहेत. आता गाव जगते ते नदीवर. १९४९ पासून येथे होड्यांची शर्यत भरते. पहिल्या शर्यतीचे अंतर ५७ मैलांचे होते, आणि ते पुरे केले फक्त दोघा स्विस नावाड्यांनी.

निघण्याच्या सकाळी न्याहारीच्या खानावळीत वाढणाऱ्या बाई सान लुइसच्या खोऱ्यातल्या निघाल्या. त्यांना विचारले, ‘तुम्ही या गावाला काय म्हणता?’

बाई म्हणाल्या, ‘गिऱ्हाइकांशी सलायडा. घरी आईशी बोलताना सालीदा.’

मुलीने माझ्याकडे पाहिले. आमच्याही घरी कचेरीतले बोलणे उंबऱ्याबाहेर ठेवूनच आम्ही आत येत आलो आहोत.