दंतमीलनदोष

तोंड मिटल्यावर वरचे व खालचे दात एकमेकांवर नीट न बसणे. दंतवैद्यकातील रूढ नाव मॅलऑक्लूजन. वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा दोन-तीन मिमी. पुढे असणे स्वाभाविक असून तो दोष मानत नाहीत.

वर्गीकरण : एडवर्ड हार्टली अँगल (1855–1930) या अमेरिकन दंतवैद्याने 1899 मध्ये मांडलेले वर्गीकरण अजून वापरात आहे. त्याचा सारा भार सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायम दाढेवर. रुग्णाला दाढा मिटायला सांगून गाल बाजूला ओढला, की वरच्या दाढेचा गालाकडील पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसलेला दिसला पाहिजे. तो बसतो, पण इतर दात दाटीने वेडेवाकडे किंवा विरळ आहेत, हा पहिला वर्ग. बहुसंख्य रुग्ण यातलेच. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा वर्ग. त्याच्या एका उपविभागात वरचे पटाशीचे दात पुढे झुकतात, ओठ सहज मिटत नाहीत आणि मूल तोंडावर आपटले की हेच दात आधी तुटतात. दुसऱ्यात मधले दोन दात आत कलून खालच्या दातांना बरेचसे झाकतात. खालची दाढ पुढे असेल तर तिसरा वर्ग. यात खालचे पुढचे दात बहुधा वरच्यांच्या बाहेर येतात. हॅब्सबर्ग राजघराण्याच्या व्यक्तिचित्रांतील पुढे आलेला खालचा जबडा याच जातीचा.

हे वर्गीकरण दाढ पाहते, हाड नाही. दोष दातांत की जबड्यात, हे मोजमापाने ठरवणे 1931 मध्ये ब्रॉडबेंट व होफ्राट यांनी प्रमाणित क्ष-किरणचित्रण रूढ केल्यावर शक्य झाले. दाढा मिटल्या तरी वरच्या व खालच्या पुढच्या दातांत उभी फट राहणे किंवा मागची वरची दाढ खालचीच्या आत बसणे, हे दोषही अँगलच्या चौकटीबाहेरच राहतात.

कारणे : आनुवंशिकता, तिचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. अंगठा चोखण्याची लांबलेली सवय. ‘पडणारच आहे’ म्हणून किडू दिलेली दुधाची दाढ लवकर काढावी लागली, तर मागची कायम दाढ पुढे सरकून उपदाढेची जागा खाते. टाळण्याजोगे हे कारण दुर्लक्षित राहते.

उपचार : तारा, पट्ट्या. जागेसाठी दात काढण्यास अँगलचा ठाम विरोध होता. 1911 मध्ये कॅल्व्हिन केस यांनी उलट बाजू मांडली, आणि पुढे अँगलचेच शिष्य चार्ल्स ट्वीड उपदाढा काढू लागले. प्रौढांतील जबड्याच्या तीव्र दोषास शस्त्रक्रिया लागते.