जुन्या घाटाचीं नवीं पात्रें

चीन देशांतील एखादें कांस्यपात्र पाहावें : तीन पाय, दोन उभे कान, अंगावर डोळे वटारलेल्या राक्षसमुखाची नक्षी. तें तीन हजार वर्षांपूर्वींचें असावें, असें श्रोत्यांस सहज वाटेल. पुष्कळदां तें हजार वर्षांचेंहि नसतें. नक्कल म्हणजे लबाडी, असें म्हणून अशा पात्रांची वासलात लावण्याचा मोह होतो. पण त्यांपैकीं सर्वांत नांवाजलेलीं पात्रें एका सम्राटानें उघडपणें ओतविलेलीं आहेत.

प्राचीन शांग व चौ राजे पितरांस अन्न आणि मद्य कांस्यपात्रांतून अर्पण करीत. पुढें तीं पात्रें जमिनींत गडप झालीं व ग्रंथांत केवळ नांवें उरलीं. ‘च्युए’ या मद्यपात्राचें नांव चिमणीवाचक शब्दाशीं जुळतें, म्हणून दहाव्या शतकांतील एका पंडितानें पाठीवर पेला घेतलेला पक्षीच चितारला! खरें पात्र तीन पायांचें व लांब चोंचीचें असतें. तेव्हां देवकार्यें चालत होतीं, पण भांडीं भलतींच होतीं.

सुंग घराण्याच्या काळीं जुनीं पात्रें भूमींतून निघूं लागलीं आणि हा घोटाळा उघडकीस आला. १०९२ सालीं लु तालिन यानें दोनशेंहून अधिक वस्तूंचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. ११०० सालीं गादीवर आलेला सम्राट ह्वेइत्सुंग हा स्वतः चित्रकार. जुन्या वस्तूंचा त्याला विलक्षण नाद. त्याच्या दरबारच्या ग्रंथांत ८३९ पात्रें आहेत. ११०४ मध्यें प्राचीन ‘सुंग’ नामक संस्थानाच्या सहा घंटा सांपडल्या. नांव आपल्याच घराण्याचें, हा शुभशकुन मानून पुढल्या वर्षीं त्याच घाटाच्या ‘ता-शेंग’ घंटा ओतण्यांत आल्या. ११२१ सालच्या एका मद्यकुंभावर तर, सम्राटानें प्राचीनाचा शोध घेऊन हें केलें, असें वर्षासह लिहिलें आहे. यांत फसवणूक कोठें आहे ?

घोटाळा झाला तो पुढें, लेख नसलेल्या नकलांनीं. १७४९ मध्यें चिएनलुंग बादशहानें आपल्या संग्रहाचा ग्रंथ करविला. त्यांत दीड हजारांवर कांस्यवस्तु आहेत, आणि त्यांतील कितीतरी मागाहूनच्या ठरल्या आहेत. शांगांचे ओतारी मातीच्या साच्याचे तुकडे जुळवून धातु ओतीत. मागाहूनच्या पुष्कळशा नकला मेणाच्या आकृतीवरून ओतलेल्या आहेत. ही रीत ह्वेइत्सुंगाच्या जवळजवळ समकालीन अशा चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’तहि वर्णिली आहे. १९२८ पासून आन्यांग येथें शांगांची राजधानी खणली गेली, तेव्हां खात्रीचीं पात्रें ताडून पाहण्यास मिळालीं.

खुद्द ह्वेइत्सुंगाच्या पात्रांचें दैव निराळें. ११२७ सालीं जुर्चेन सैन्यानें राजधानी कायफेंग लुटली. सम्राट, त्याचा पुत्र, यज्ञपात्रें, घंटा, सर्व कांहीं उत्तरेस नेलें. ह्वेइत्सुंग तेथेंच ११३५ मध्यें कैदेंत वारला. दक्षिणेस हांगचौला गेलेल्या दरबारापाशीं पुरेसें कांसेंहि नव्हतें. जुन्या घाटाचीं पात्रें मातीचीं भाजून त्यांवर काम भागविलें. घंटांवरील ‘शेंग’ हें अक्षर जुर्चेन राजाच्या नांवांत होतें, म्हणून विजेत्यांनीं तें खरवडून ‘ता-हो’ असें नवें नांव कोरलें आणि त्याच घंटा आपल्या दरबारीं वाजविल्या. अशा कांहीं घंटा आजहि शिल्लक आहेत.