भूमिकाखेळ (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट)
ब्लिझार्ड कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या ऑनलाइन खेळात आपले पात्र नुसते लढवत न ठेवता त्याच्या स्वभावाप्रमाणे बोलते-वागते ठेवण्याची पद्धत. त्यासाठी वेगळे सर्व्हर आहेत. अमेरिकेतील मून गार्ड व युरोपातील आर्जेंट डॉन हे विशेष गजबजलेले.

नवख्याने जगाचा तारणहार होऊन येऊ नये. खेळातल्या आयर्नफोर्ज शहराचा उधारी थकलेला बुटका लोहार कितीतरी बरा. त्याला चारचौघांशी बोलायला निमित्त आपसूक मिळते. गाव, धंदा आणि एखादी भीती ठरली की पुरे, बाकीचे संवादातून उलगडते. हा संवाद टाइप करून चालतो; साधे बोलणे जवळपासच्यांनाच दिसते. ‘इमोट’ आज्ञेने कृती लिहिली, की पात्राच्या नावापुढे ‘दारात थबकतो, टोपीवरचा बर्फ झटकतो’ असे उमटते. समोरच्याला उत्तराची जागा ठेवणे हे यातले खरे कसब: ‘तलवार उगारतो’ इथेच थांबावे, वार लागला की नाही हे त्याने ठरवावे. खेळाडू म्हणून काही सांगायचे तर ते दुहेरी कंसात लिहितात. ‘टोटल आरपी ३’ या अ‍ॅडऑनमध्ये (खेळाला जोडायच्या पूरक प्रोग्रॅममध्ये) पात्राचे वर्णन व पूर्वायुष्य नोंदवता येते. मात्र तिथे वाचलेले दुसऱ्याचे गुपित आपल्या पात्राला ठाऊक नसते.