दुष्काळाची वार्ता आणि सरकारचे कान



वैशाखातल्या अशा संध्याकाळी आपण वाऱ्याला बसून व्याख्यान ऐकत असतो, तेव्हा माणदेशातला शेतकरी विहिरीत डोकावून तळ किती उरला ते पाहत असतो. दुष्काळ प्रथम कोणाला कळतो, असे विचाराल तर उत्तर सोपे आहे : त्याला. सरकारला तो केव्हा कळतो, हा प्रश्न मात्र निराळा आहे. दुष्काळात असंख्य माणसांचे प्राण गेले ते या दोन वेळांमधल्या अंतरात. त्या अंतराचा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

१८६५ साली ओरिसात पावसाने मध्येच दगा दिला आणि भाताचे पीक करपले. पुढच्या वर्षाच्या आरंभी तेथील कमिशनर रॅव्हेनशॉ याने कलकत्त्याला तार करून तांदूळ मागितला. वरिष्ठांनी नकार दिला. बाजारात भाव चढले की व्यापारी आपोआप धान्य आणतील, असे त्या काळचे अर्थशास्त्र सांगत होते. व्यापारी आले नाहीत. पावसाळा सुरू झाला, समुद्र खवळला, वाटा बंद झाल्या. आणि मग सरकार जागे झाले. त्या दुष्काळात सुमारे १० लक्ष माणसे मेली. येथे वार्ता नव्हती असे नाही. तारयंत्र होते, तार गेली, तिचे उत्तरही आले. अभाव होता तो ऐकणाऱ्याचा.

१८६४ चे कलकत्त्याचे वादळ आणि नंतरची अवर्षणे यांच्या धड्याने १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला प्रमुख. गंमत अशी की, त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. एकीकडे आकाश मोजण्याची व्यवस्था झाली, तर दुसरीकडे लोकांना बोलते करण्याची. या दोहोंची कसोटी लागावयास एकच वर्ष जावे लागले.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस गेला. तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने एक अपूर्व काम केले. रानडे आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून हकिगती गोळा केल्या : पीक किती बुडाले, धान्याचा भाव काय, गुरे किती विकली, गावे किती ओस पडली. अशी वृत्ते तयार करून ती मुंबई सरकारकडे एकामागून एक धाडली. हाती उपकरण नाही, अधिकार नाही, केवळ माणसे आणि लेखणी. पण दुष्काळाची पद्धतशीर पाहणी यापेक्षा वेगळी ती काय असते?

पुढे सर रिचर्ड टेंपल यांनी काटकसरीसाठी कामावरच्या पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. हजारो मजुरांनी कामे सोडली, आणि सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. ब्रिटिश मुलखात या दुष्काळाने सुमारे ५२ लक्ष बळी घेतले, असा अंदाज पुढे दुष्काळ कमिशनने केला.

या कमिशनच्या १८८० च्या अहवालातून दुष्काळसंहिता निघाली. तिचे मर्म नीट ध्यानात घ्यावे. भाव चढले, सावकाराने हात आखडता घेतला, लोक गाव सोडून भटकू लागले, चोऱ्या वाढल्या, ही धोक्याची चिन्हे ठरली. ती दिसताच परीक्षेसाठी काम उघडावे; माणसे गर्दी करून आली तर दुष्काळ आहे असे समजावे आणि पुढची पावले टाकावीत. म्हणजे अमुक दिसले की तमुक करावयाचेच, असा करार प्रथमच कागदावर उतरला.

पण करार लोकांना ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग काय? १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी केसरीतून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी शेतकऱ्यांना त्यांचे हक्क मराठीत समजावून दिले. पीक बुडाले तर सारातहकुबी मागा, सरकारचाच कायदा आहे, असे सांगितले. सरकारला हे रुचले नाही. १८९७ च्या मार्चमध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. जिची वृत्ते वीस वर्षांपूर्वी सरकारदरबारी जात होती, तिला आता सरकारशी बोलण्याचाच हक्क उरला नाही!

आता आकाशाकडे वळू. हिमालयावर बर्फ अधिक पडले की मोसमी पाऊस कमी होतो, असा संबंध ब्लॅनफर्डने मांडला, आणि १८८६ पासून पावसाचे अंदाज नियमाने निघू लागले. १८९९ साली अंदाज चांगल्या पावसाचा होता. पडला तो छप्पन्नचा दुष्काळ. शास्त्र चुकले, तरी संहितेची चिन्हे जमिनीवरची होती, म्हणून कामे उघडली. १९०० च्या पावसाळ्यात मदतीवर ६० लाखांहून अधिक लोक होते. मरणारे तरीही फार मेले, कारण देणारा हात आखडलेलाच होता आणि पटकीही आली. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी पॅसिफिक महासागरावरील हवेच्या दाबाचा आपल्या पावसाशी असलेला संबंध शोधला. आजचे एल निनोचे ज्ञान त्याच वाटेने आले आहे.

आज आपणाजवळ उपग्रह आहेत. पूर्वी नजरेने ठरवलेली पैसेवारी पन्नासच्या खाली गेली की दुष्काळ मानीत, आणि अंतिम आकडा येईतो डिसेंबर उजाडे. केंद्राच्या २०१६ च्या नियमपुस्तिकेने पाऊस, पिकांची हिरवाई, जमिनीतील ओल आणि पाणीसाठे यांची सांगड घातली. २०१८ साली महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबरलाच. अंतर कमी झाले, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु यंत्र ओल मोजते, भूक मोजत नाही. उपग्रहाच्या चित्रात हिरवे दिसणारे शेत ज्याचे आहे, त्याला आपले म्हणणे मांडावयास जागा हवी. आणि ते ऐकून काय करावयाचे, हे आधीच ठरलेले हवे. ओरिसाची तार पोहोचली होती, हे आपण विसरू नये.