गाठ आटली, पण काळीज?

माझे थोरले चुलते, आमचे बडे अब्बा, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेत. रक्तातला ‘पीएसए’चा आकडा उतरला, की ईद नसतानाही घरात शीरखुर्मा व्हायचा. गेले मात्र ते हृदयविकाराने. इंजेक्शनानेच गेले, असे मी म्हणत नाही. वय होते, विडी होती. पण मी, साधा बी.ए. झालेला कवी, तेव्हापासून या औषधांचा इतिहास वाचू लागलो.

ही गाठ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसते, हे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. वृषणे काढली किंवा स्त्री-संप्रेरक दिले, की ती आटते. हाडांच्या कळांनी तळमळणारे रुग्ण उठून बसू लागले. १९६६ साली हगिन्सना नोबेल मिळाले. शस्त्रक्रिया नको असलेल्यांसाठी स्टिलबेस्ट्रॉलची स्वस्त गोळी होती.

पुढच्याच वर्षी, १९६७ साली, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक हिशेब प्रसिद्ध झाला. तिथे काहींना खरी गोळी दिली होती, काहींना औषध नसलेली. आणि मृत्यू कशानेही आलेला असो, तो मोजला होता. रोज पाच मिलिग्रॅम घेणाऱ्यांत कर्करोगाचे मृत्यू कमी, पण हृदयविकाराचे आणि रक्ताच्या गुठळ्यांचे जास्त. एका खात्यात जमा, दुसऱ्यात खर्च! पाव शतक सगळ्यांचे लक्ष गाठीवर होते. पुढे कळले, की एक मिलिग्रॅमनेही कर्करोग तितकाच आवरतो. पोटातून घेतलेली गोळी आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारी प्रथिने वाढतात, हेही उमगले.

१९८५ साली अमेरिकेत ल्युप्रोलाइड हे इंजेक्शन आले आणि ती भीती मागे पडली. पण टेस्टोस्टेरॉन आटले, की चरबी वाढते, स्नायू झिजतात, साखर चढते. २००६ साली मधुमेह आणि हृदयविकाराशी या इंजेक्शनांचा संबंध दिसला. २०१० साली अमेरिकी औषध प्रशासनाने तसा इशारा छापायला लावला. २०२० साली रेलुगोलिक्स या नव्या गोळीच्या चाचणीत हृदयविकार, पक्षाघातासारख्या घटना २.९ टक्के रुग्णांत दिसल्या, तर ल्युप्रोलाइड घेणाऱ्यांत ६.२ टक्के. पण दुसऱ्याच वर्षी, त्याच तऱ्हेने काम करणाऱ्या डेगारेलिक्सच्या चाचणीत असा फरक आढळला नाही. वाद मिटलेला नाही. म्हणून कोणी इंजेक्शन मनाने सोडू नये. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

बडे अब्बांची फाइल माझ्याकडे आहे. तिच्यात पीएसएचे पंधरा कागद आहेत. साखरेचा एकच, तोही इंजेक्शन सुरू होण्याआधीचा.