स्टॉपर पिंटू

अप्पामामा, म्हणजे आईचे मामा, १९७१ साली शियालदहला पूर्व रेल्वेत नोकरीला होते. त्या वर्षीच्या शियालदहबद्दल ते फारसं बोलत नसत. फलाटावर सीमेपलीकडच्या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या माणसांचे संसार मांडलेले असत आणि ड्यूटीवर जाताना झोपलेली पोरं ओलांडून जावं लागे, एवढंच सांगत. फुटबॉलचा विषय निघाला की मात्र त्यांना थांबवणं कठीण. आणि फुटबॉल म्हटलं की कृष्णनगर.

जुलैमध्ये बातमी आली, की ढाक्याच्या लीगमध्ये खेळणारे खेळाडू जमले आहेत, स्वाधीन बांग्ला फुटबॉल संघ काढलाय आणि पहिला सामना कृष्णनगरला नदिया जिल्ह्याच्या संघाशी आहे. तिकिटाचे पैसे बांग्लादेशाच्या मुक्तियुद्धाच्या निधीला जाणार होते. रेल्वेचा पास खिशात असल्यावर मामा कशाला मागे राहतात? सकाळच्या लोकलने निघाले. गर्दी एवढी की माणसं झाडांवर चढून बसलेली. पण सामना काही सुरू होईना. पाहुण्यांचं म्हणणं साधं होतं: भारताच्या झेंड्याशेजारी आमचाही झेंडा लागला पाहिजे, आमचं राष्ट्रगीत झालं पाहिजे, नाहीतर आम्ही खेळत नाही. अडचण अशी की भारताने तोवर बांग्लादेशाला मान्यताच दिली नव्हती. ती मिळाली ६ डिसेंबरला. सरकारदरबारी जो देश नाही, त्याचा झेंडा सरकारी अधिकाऱ्याने चढवू द्यायचा कसा?

खल झाला, लोक ओरडायला लागले. शेवटी जिल्हाधिकारी डी. के. घोष यांनी आपल्या जबाबदारीवर परवानगी दिली. हिरव्या कापडावर लाल गोल आणि त्यात पिवळा नकाशा, असा तेव्हाचा झेंडा. तो हातात धरून खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली आणि सगळ्यांत पुढे होता कप्तान, झकारिया पिंटू. शेजारच्या एका म्हाताऱ्याने मामांचा दंड असा आवळून धरला होता, की पुढे दोन दिवस तिथे वळ होते. सामना २-२ बरोबरीत सुटला. घोषबाबू निलंबित झाले, नदियाच्या क्रीडा संघटनेची संलग्नता गेली. मामा या गोष्टीत खेळाडूंइतकाच मान घोषबाबूंना देत. मला तो थोडा जास्तच द्यावासा वाटतो. खेळाडूंना निदान टाळ्या तरी मिळाल्या.

पिंटू स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा. जन्म १९४३चा, नौगावचा. १९६१पासून ढाक्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा भरवशाचा माणूस. पाकिस्तानच्या राष्ट्रीय संघात बंगाली खेळाडूंना जागा मिळणं कठीण होतं, तिथेही तो खेळून आलेला. म्हणजे ज्या देशाची जर्सी घातली होती, त्याच देशाविरुद्ध आता तो झेंडा घेऊन धावत होता. पकडला गेला असता तर काय झालं असतं, हे कोणाला सांगायला नको होतं. ढाक्यात घरची माणसं होती म्हणून तरुण काझी सलाहुद्दीन तर या संघात तूर्य हाजरा या खोट्या नावाने खेळला. कप्तानाला मात्र नावामागे लपायची सोय नव्हती.

कृष्णनगरचं प्रकरण ऐकून कोलकात्याचे क्लब सावध झाले. मोहन बागान ऑगस्टमध्ये खेळला, पण स्वतःच्या नावाने नाही; गोष्ठ पाल इलेव्हन असं नाव घेऊन. या नावाची निवड मला फार आवडते. गोष्ठ पाल हे मोहन बागानचे जुने बॅक, लोक त्यांना चीनची भिंत म्हणत. आणि त्यांचं जन्मगाव भोजेश्वर, फरीदपूरकडचं, म्हणजे सीमेपलीकडचंच.

पुढे संघ भारतभर फिरला, मुंबईलाही आला. इथे बाबा गोष्टीत शिरायचे, कारण मुंबईचा सामना त्यांचा. महाराष्ट्राच्या संघातून चक्क क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी उतरले होते, त्यांनी गोलही मारला. दिलीपकुमारांनी देणगी दिली. बाबा हे आदल्या रविवारी घडल्यासारखं सांगत. पाहुण्यांपैकी एकाचंही नाव मात्र त्यांना येत नसे.

"त्यांचा कॅप्टन कोण होता, जावईबापू?" मामा मुद्दाम विचारत.

"असेल कोणीतरी. पतौडींनी त्याच्या देखत गोल मारला, एवढं खरं."

"लोकांनी पैसे मोजले होते ते पतौडींसाठी. त्यांना एक गोलसुद्धा दिसू नये, इतका पिंटू कद्रू नव्हता, समजलं?"

आई म्हणे, तुमचा सामना संपला असेल तर पानं घेते.

१९७३मध्ये मलेशियात मर्डेका स्पर्धेला स्वतंत्र बांग्लादेशाचा पहिला राष्ट्रीय संघ गेला. कप्तान पिंटूच. पहिला सामना थायलंडशी, तोही २-२. देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल इनायेतुर रहमानच्या नावावर लागला. त्या दिवशी मागे कोणी काय काय अडवलं, याची नोंद अर्थातच कुठे नाही. सलाहुद्दीन पुढे हाँगकाँगला व्यावसायिक फुटबॉल खेळला, २००८पासून सोळा वर्षं बांग्लादेश फुटबॉल फेडरेशनचा अध्यक्ष होता. आजही तिकडच्या पोरांना आधी त्याचंच नाव आठवत असणार. पिंटूला १९९५ साली स्वाधीनता पुरस्कार मिळाला.

नोव्हेंबर २०२४मध्ये पिंटू गेल्याची बातमी आली, तेव्हा मामा नव्हते. मी ती बाबांनाच वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढून शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "पतौडींच्या मॅचचं त्यात काही दिलंय का बघ."