चंद्र आणि दीर्घिकांचे प्रकार

चंद्र हा पृथ्वीचा एकमेव नैसर्गिक उपग्रह. दीर्घिका म्हणजे कोट्यवधी ते अब्जावधी तारे, वायू, धूळ आणि कृष्णद्रव्य यांचा गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेला समूह. चंद्राचा प्रकाश आपल्यापर्यंत सुमारे १.३ सेकंदांत येतो; देवयानी तारकासमूहातल्या दीर्घिकेचा प्रकाश यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. दोन्ही नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पण एकाच वेळी क्वचितच. चांदणे भरात असले की दीर्घिका त्यात बुडून जाते. म्हणून आकाश बघणारा माणूस महिन्याचे सरळ दोन भाग करतो : शुक्लपक्ष चंद्रासाठी आणि अमावास्येच्या आसपासच्या रात्री दीर्घिकांसाठी.

चंद्र : सरासरी अंतर ३,८४,४०० किमी., व्यास ३,४७४ किमी., पृष्ठभागावरचे गुरुत्व पृथ्वीच्या एक-षष्ठांश. ताऱ्यांच्या संदर्भात त्याची प्रदक्षिणा २७.३ दिवसांत पूर्ण होते. नक्षत्रे सत्तावीस आहेत ती याच हिशेबाने. तेवढ्या काळात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकते, त्यामुळे अमावास्या ते अमावास्या हे अंतर २९.५ दिवसांचे पडते. चंद्र सूर्यापासून आणखी १२ अंश दूर गेला की एक तिथी संपते. तो रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि गावागणिकही ही वेळ बदलते. संकष्टीचा उपास नागपुरात मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी सुटतो, तो नागपूर पूर्वेला असल्यामुळे.

चंद्र स्वतःभोवती फिरायलाही २७.३ दिवसच घेतो, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याकडे राहते. कक्षेत तो किंचित डुलतो, त्यामुळे कालांतराने एकूण ५९ टक्के पृष्ठभाग दिसून जातो. उरलेला भाग १९५९ मध्ये सोव्हिएत लूना-३ यानाने पहिल्यांदा टिपला. ही मागची बाजू कायम अंधारी असते, हा समज चुकीचा आहे. तिथेही सुमारे चौदा दिवस ऊन असते आणि तेवढीच मोठी रात्र.

लहानपणी आपल्याला दाखवला जाणारा ससा म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची काळसर मैदाने. सह्याद्रीचा कातळ ज्या बेसॉल्टचा आहे, त्याच जातीचा हा खडक. फक्त सह्याद्रीचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर चंद्रावरचा बहुतांशी तीनशे कोटींहून जुना. अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात ३८२ किलो खडक-माती आणली. तिच्या अभ्यासातून आज सर्वाधिक मान्य असलेले मत पक्के झाले : सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या राडारोड्यातून चंद्र घडला. चांद्रयान-१ ने नेलेल्या उपकरणांमुळे २००९ मध्ये तिथल्या पाण्याच्या खुणा समोर आल्या, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम हा लँडर दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, सुमारे ६९ अंश अक्षांशावर उतरला.

चंद्र दुर्बिणीतून बघायचा तर पौर्णिमा टाळावी. त्या दिवशी ऊन समोरून पडते, सावल्या नाहीशा होतात आणि विवरे सपाट दिसतात. शुक्ल नवमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर कोपर्निकस हे ९३ किमी. रुंदीचे विवर येते. त्याचा काठ उजळलेला आणि तळ मात्र अजून शाईसारखा काळा, असे ते दृश्य ज्याने पाहिले तो ते विसरत नाही.

दीर्घिका : विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत यांना तेजोमेघ म्हणत आणि त्या आपल्याच आकाशगंगेत आहेत की बाहेर, यावर वाद होता. एडविन हबल यांना १९२३ मध्ये देवयानीच्या ‘तेजोमेघात’ सेफीड जातीचा एक रूपविकारी तारा सापडला. असा तारा किती दिवसांत मंद होऊन पुन्हा तेजस्वी होतो, यावरून त्याचे खरे तेज कळते आणि त्यावरून अंतर. ते अंतर आकाशगंगेच्या पार पलीकडचे निघाले.

हबल यांनीच १९२६ मध्ये आकारावरून वर्गवारी मांडली आणि अनेक सुधारणांनंतरही ती वापरात आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत वायू थोडा, तारे म्हातारे, रंग पिवळसर; कन्या समूहातली एम ८७ ही त्यातली महाकाय दीर्घिका. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराचे चित्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्पिल दीर्घिकांना चपटी तबकडी आणि वळणदार भुजा असतात. भुजांमध्ये वायू दाटतो, नवे तारे जन्मतात, म्हणून त्या निळसर दिसतात. काहींच्या मध्यभागी ताऱ्यांचा सरळ दांडा असतो आणि भुजा त्याच्या टोकांपासून फुटतात. आपली आकाशगंगा याच दंडसर्पिल जातीची. सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. भिंगाकार दीर्घिकांना तबकडी असते, भुजा नसतात. कडेने पाहिल्यास मसुराच्या दाण्यासारख्या. कशातच न बसणाऱ्या त्या अनियमित. हे प्रकार एकापाठोपाठ येणाऱ्या वयाच्या पायऱ्या मात्र नव्हेत. सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळून लंबवर्तुळाकार होऊ शकतात, एवढे खरे.

सुबक सर्पिल आकार घडायला फार काळ लागतो असे मानले जाई. २०२५ मध्ये पुण्याच्या एनसीआरए या खगोलसंशोधन संस्थेतील संशोधकांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून, विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचे असतानाची दोन ठसठशीत भुजांची दीर्घिका शोधली आणि तिला अलकनंदा हे नाव दिले.

महाराष्ट्रातून दीर्घिका बघायला दिवाळीची अमावास्या उत्तम. शहर आणि रोषणाई मागे टाकून निघावे लागते, एवढेच. रात्री आठ-नऊच्या सुमारास भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन वर आलेला असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीची ताऱ्यांची ओळ निघते. त्या ओळीतल्या दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी थांबून शर्मिष्ठेच्या दिशेने वळले की दोन मंद ताऱ्यांपुढे एक धूसर डाग लागतो. नजर थेट रोखू नये, किंचित बाजूला ठेवावी; डोळ्याच्या कडेला मंद उजेड जास्त कळतो. दिसतो तो दीर्घिकेचा फक्त गाभा. छायाचित्रात ती जेवढी पसरते, तेवढ्या जागेत सहा पूर्णचंद्र ओळीने मांडता येतात.